दिगंबर, तुझा तो जाळीचा तंबू

दिग्या,

तुझ्या शाळेनं तुझी स्मरणिका काढायचं ठरवलंय आणि तिच्यात बालमित्र म्हणून मी दोन पानं लिहायची आहेत. मुख्याध्यापक स्वतः गोडाऊनवर आले होते. मन मोकळं करून लिहा म्हणाले, आणि उठताना, पाचशे शब्दांच्या आत करा, म्हणून सांगून गेले. नमुना म्हणून मागच्या वेळची एक स्मरणिका ठेवून गेलेत. ती मी वाचली. तिच्यातले सगळे मेलेले लोक हसतमुख आहेत, मनमिळाऊ आहेत आणि अजातशत्रू आहेत. वाचताना वाटलं, एवढी चांगली माणसं आपल्या भागात होती तर ती जिवंतपणी राहत होती कुठं?

तू यातला नव्हतास. हसतमुख तर नव्हतासच, फोटो काढताना सुद्धा तू फोटोवाल्याकडं संशयानं बघायचास. सख्ख्या चुलतभावाशी तुझी बारा वर्षं बोलचाल बंद होती, ती सुद्धा बांधावरच्या एका बोरीवरून. तू कधी जन्मलास, किती वर्षं भूगोल शिकवलास, कोणत्या समित्यांवर होतास, ते बाकीचे लिहितील. त्यांना तेवढंच माहीत आहे. मला तुझ्या तंबूवर लिहायचंय.

मी मंडपवाला आहे हे तुला सांगायला नको, पण स्मरणिका परगावचे लोकही वाचतील म्हणून लिहितो. घाटनांदूरच्या पंचक्रोशीत लग्न असो, सप्ताह असो की कुणा पुढाऱ्याची सभा, वासे, कनाती, छत आणि खुर्च्या माझ्याकडून जातात. आणि मी एवढा जिवंत असताना, दिवाळी झाल्यावर एका सकाळी, तू मोबाईल घेऊन गोडाऊनवर आलास. पडद्यावर एक गोरं कुटुंब हिरवळीवर जाळीच्या खोलीत बसून उगीचच हसत होतं. आपोआप उघडणारा तंबू. पिशवीतून काढायचा, बाजू धरून ओढायच्या, की काड्या ताठ होतात, वर छत आणि चारी बाजूंनी बारीक जाळीच्या भिंती. आत खुर्च्या टाकून जेवायचं. वारा येतो, माशी येत नाही. सहलीला न्या, रानात न्या, कुठंही न्या. तू म्हणालास, असा एक घ्यायचाय, तू कापडातला माणूस, कोणता घेऊ ते सांग.

मी एवढ्या मोठ्यानं हसलो की आतली माणसं काम सोडून बाहेर आली. त्यांनाही मी पडदा दाखवला आणि सांगितलं, गुरुजी मच्छरदाणी घेऊन रानात जेवायला निघालेत. तेही हसले. माझ्या पगारावर असल्यामुळं जरा जास्तच हसले.

तुझं म्हणणं असं की आता निवृत्त झालोय, रत्नमाला वहिनींना घेऊन फिरणार. धारूरच्या किल्ल्यावर शाळेची सहल नेली होती तेव्हा माशांनी डबा खाऊ दिला नव्हता, तसं परत होऊ द्यायचं नाही. मी म्हणालो, अरे, लग्न, मयत आणि दवाखाना सोडून तू वहिनींना कुठं नेलंस आजवर? त्या बाईनं धारूरचा किल्ला एसटीच्या खिडकीतून बघितलाय. तू मोबाईल खिशात घातलास आणि खिशातून वही काढलीस.

ती वही. तुझ्या सगळ्या मूर्खपणाच्या आधी एक वही निघायची. बोअर पाडताना निघाली होती, मोटारसायकल घेताना निघाली होती. त्या वहीत तू चार तंबूंची नावं लिहिली होतीस आणि पुढं रकाने पाडले होते: उंची, वजन, जाळीचा रंग, भोकाचा आकार, तळ आहे की नाही, चेन आतून उघडते की दोन्हीकडून. पंधरा दिवस तू रोज सकाळी यायचास आणि माझ्या कामाच्या वेळेत मला ते रकाने वाचून दाखवायचास. जगातला सगळ्यात कंटाळवाणा माणूस कोण, असं मला कुणी विचारलं असतं तर मी तुझा पत्ता दिला असता.

जाळी काळी घ्यायची की पांढरी, यावर एक अख्खी सकाळ गेली. काळ्या जाळीतून बाहेरचं स्पष्ट दिसतं, पांढरी डोळ्यांवर येते, असं तू कुठंतरी वाचलं होतंस. मी म्हणालो, बाहेर काय दिसायचंय, तुझंच रान, तुझीच ज्वारी आणि बांधापलीकडं तुझा तो चुलतभाऊ. तू म्हणालास, तरी दिसलं पाहिजे. आणि काळ्यापुढं खूण केलीस. हे तुझं बरोबर होतं. मंडपाला मी पण मागच्या बाजूला गडद जाळी लावतो ती याचसाठी. पण त्या दिवशी ते कबूल करायची माझी तयारी नव्हती.

मग भोकाचा आकार. त्यासाठी तू वडवणीच्या आठवडी बाजारातून तीन तऱ्हेच्या जाळीचे तुकडे आणलेस आणि घरून कागदाच्या पुडीत खसखस. चिलट खसखशीएवढं असतं असा तुझा हिशेब. माझ्या टेबलावर जाळी ताणून धरायला मला लावलीस आणि वरून खसखस टाकलीस. पहिल्या दोन जाळ्यांतून खसखस माझ्या पावतीपुस्तकावर पडली, तिसरीवर थांबली. तुझा चेहरा असा फुलला की जसं काही भूगोलात नवा खंड सापडला. वहिनींनी त्या दिवशी अनरसे करायचे म्हणून ती खसखस काढून ठेवली होती, हे मला नंतर कळलं.

लोकांचे अभिप्राय वाचायचं वेड तर तुला फारच वाईट लागलं. जन्मात ज्यांचं तोंड बघितलं नाही अशा लोकांनी तंबूला किती चांदण्या दिल्या, हे तू गंभीरपणे वाचून दाखवायचास. एका बाईनं लिहिलं होतं, तंबू उघडला पण मिटता येईना, म्हणून तसाच गच्चीवर ठेवलाय आणि त्यात आता कपडे वाळत घालते. त्या सगळ्या गर्दीत खरं बोलणारी तेवढी एकच बाई. तिचं तू मनावर घेतलं नाहीस.

वजनाचा रकाना आला तेव्हा तू म्हणालास, एका हातानं उचलता आला पाहिजे. मी म्हणालो, बे, कालपर्यंत खताचं पोतं पाठीवर घेणारा माणूस तू, तुला पिशवीचं वजन कधीपासून होऊ लागलं? तू हसलास. आकाराच्या रकान्यात तू लिहिलं होतंस: दोन खुर्च्या, मधे छोटं टेबल. मी विचारलं, दोन खुर्च्या कुणाला, वहिनी तर मांडी घालून जेवतात. तू म्हणालास, असू दे दोन.

आणि तळ. यावरचं आपलं भांडण अजून मिटलेलं नाही, आता मिटणारही नाही. तुला तळ शिवलेला तंबू पाहिजे होता, म्हणजे खालून मुंगी नाही, किडा नाही, माती सुद्धा नाही. मी म्हणालो, हा तंबू तू येळवशीला रानात लावणार ना? मग त्यात देव मांडणार कशावर, प्लास्टिकवर? आपले देव मातीवर बसतात. परगावच्या वाचकांसाठी सांगतो, येळवस म्हणजे वेळ अमावस्या. आमच्या भागात त्या दिवशी अख्खं गाव रानात जेवतं. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून त्यांची कोप करतात, कोपीत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडतात, आणि पूजा झाली की शेंगा-पालेभाज्यांची एकत्र भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील असं जेवण. पुण्यामुंबईचे लोक यालाच आता कृषी पर्यटन म्हणतात आणि गाड्या भरून येऊन आपल्या ज्वारीत फोटो काढतात.

तर तू दोन दिवस विचार केलास आणि देवांसाठी बिनतळाचा तंबू मागवलास. तू माझं ऐकलंस. पन्नास वर्षांत ऐकलं नव्हतंस ते नेमकं त्या वेळी ऐकलंस.

खोकं आल्यावर तू ते फोडायला गोडाऊनवर आणलंस. पिशवीची चेन काढली आणि काय होतंय ते कळायच्या आत त्या वस्तूनं उडी मारली. एक काडी माझ्या हनुवटीला लागली. मिनिटाच्या आत गोडाऊनच्या मधोमध एक जाळीची खोली उभी होती, आणि तू तिच्याभोवती फिरत होतास, चेन वरखाली करत होतास. उघडली ती लवकर, पण मिटवायला अख्खी सकाळ गेली. मोबाईलमधला माणूस ती गोल फिरवून, दाबून, टोपीसारखी घडी करत होता. आम्ही चार माणसं, आयुष्य मंडपात गेलेलं, त्या काड्यांवर बसलो, झोपलो, तरी ती पिशवीत जाईना. शेवटी तूच एकट्यानं केलीस. तू तो व्हिडिओ घरी वीस वेळा बघून आला होतास. घडी झाल्यावर तू बराच वेळ खुर्चीवर बसून राहिलास आणि पाणी मागितलंस. मी म्हणालो, मास्तर दमले, आता सहलीला नेताना सोबत एक घडी घालणारा माणूसही मागवा.

खुंट्या बघून तर मला त्या कंपनीची कीव आली. पेन्सिलीएवढ्या, वाकड्या होणाऱ्या. आपल्या काळ्या रानात हिवाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्यात ही खुंटी ठोकली तर सरळ पाताळात जाईल. मी माझ्याकडच्या लोखंडी खुंट्या दिल्या आणि वर चार शब्द सुनावले. तंबूबद्दल मी तुझ्यासाठी केलेलं चांगलं काम एवढंच.

येळवशीला तुझ्या रानात नेहमीचीच माणसं होती. तुमच्या घरचे, मी, माझी बायको, आणि तुझे तात्या, म्हणजे तुझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, ज्यांच्यापुढं अजूनही कुणी चपला घालून बसत नाही. तंबू उभा राहिला. तात्यांनी तो सगळीकडून हात लावून बघितला आणि विचारलं की ह्याला कडबा कुठं हाय. तू समजावलंस की याला कडबा लागत नाही. तात्या म्हणाले, मग ती कोप कशी? थोडा वेळ असा गेला की वाटलं, सणाच्या दिवशी रानात भांडण होणार. शेवटी तात्यांनीच तोड काढली. तळ नसल्यामुळं जाळी आणि जमीन यांच्यात जी फट होती, तिथून माशा आत येतील अशी तुला काळजी होतीच. तात्यांनी चारी बाजूंनी कडब्याच्या पेंढ्या त्या फटीला टेकवून लावल्या, वरून सुतळीनं जाळीलाच बांधल्या. फट बुजली, कोपीला कडबा मिळाला, देव मातीवर बसले. सगळे खूश झाले, तू सुद्धा. भूगोल शिकवलेल्या माणसाला आणि मंडपात जन्म घालवलेल्या माणसाला, दोघांनाही एक साधी गोष्ट सुचली नाही.

बैलांना कडबा कोपीला लावलाय की दावणीला, याच्याशी काही देणंघेणं नसतं. पूजेसाठी आणलेली तुझी जोडी आम्ही बाभळीला बांधली होती. आम्ही नैवेद्याच्या गडबडीत असताना त्यातला तांबडा दावं सोडवून आला आणि त्यानं शांतपणे पेंढी ओढली. पेंढी जाळीला बांधलेली. जाळी फाटली, हातभर. त्याला हाकलला तोवर त्यानं दुसरी पेंढी तोंडात धरलेली होती. बांधापलीकडून तुझा चुलतभाऊ आणि त्याची पोरंबाळं हे बघत होती. बारा वर्षांत तो पहिल्यांदा तुझ्याकडं बघून हसला.

मंडपाच्या माणसाच्या गाडीत दाभण आणि सुतळी असतेच. तू आत खुर्चीवर बसला होतास. तिथूनच हाक मारलीस, "मन्मथ्या, दाभण घिऊन आत ये. बस जरा. तुला एक सांगायचंय."

दुसरी खुर्ची रिकामी होती. सगळे बघत होते. मी बाहेरूनच म्हणालो, "मच्छरदाणीत बसायला मी काय बाळंतीण हाय का बे?"

रान हसलं. तात्या हसले, बायका पदर तोंडाला लावून हसल्या. वहिनी हसल्या नाहीत, हे मला तेव्हाच दिसलं होतं.

मी फाटलेल्या जागी बाहेरच्या बाजूनं बसलो आणि शिवायला लागलो. कनात शिवायची तर दोन माणसं लागतात, एक इकडून दाभण घालतो, दुसरा तिकडून घेऊन परत देतो. एकट्यानं टाका सरळ येत नाही. हे तुला लहानपणापासून माहीत होतं, माझ्या वडिलांच्या हाताखाली आपण दोघांनी किती कनाती शिवल्या असतील. तू खुर्ची ओढून जाळीजवळ आणलीस. मी दाभण आत घालायचो, तू धरून परत द्यायचास. आपल्या तोंडांमध्ये एक वीत अंतर होतं आणि मधे ती काळी जाळी. तुझी बोटं मला जवळून दिसत होती. नखं पिवळी पडली होती.

तू हळू आवाजात सुरुवात केलीस. "मन्मथ, दसऱ्याच्या आधी आमी अंबाजोगाईला गेलतो..." मी मधेच म्हणालो, दाभण नीट दे, टाका वाकडा येतोय. तू दाभण दिलास. थोड्या वेळानं परत म्हणालास, "ऐक की." मी तुला त्या वर्षीच्या लग्नतिथी सांगायला लागलो. कोणत्या दिवशी तीन लग्नं एकदम आलीत, कनाती कशा पुरवायच्या, वाशांना वाळवी कशी लागली. तू ऐकून घेतलंस. हातभर जाळी शिवायला मी जेवढा वेळ लावला तेवढ्यात मी एरवी अख्खा मंडप उभा करतो. शेवटचा टाका झाला, गाठ मारली, सुतळी तोडली आणि मी उठलो. तू आतून विचारलंस, "झालं का?" मी म्हणालो, झालं, आता तुझ्या तंबूत माशी काय, यम पण शिरायचा न्हाई. आणि बाकीच्यांबरोबर उन्हात बसून जेवलो. तू आत एकटा जेवलास. आंबील मात्र दोनदा मागून घेतलीस.

त्यानंतर दीड महिन्यानं तू गेलास. रक्ताचा आजार होता. दसऱ्याच्या आधीपासून अंगात होता, आणि डॉक्टरांनी तुला धूळ, गर्दी, माशा, डास यांपासून लांब राहायला सांगितलं होतं. येळवशीला रानात जायचंच नाही असंही सांगितलं होतं. पण घरी बसून राहिलो तर लोक विचारतील, आणि रानात जेवल्याशिवाय वर्ष सरल्यासारखं तुला वाटणार नाही, म्हणून तू तो तंबू शोधत होतास. जाळी फाटल्यानं काही झालं नाही, असं डॉक्टरांनी वहिनींना स्पष्ट सांगितलंय. ते मला मान्य आहे. बैलाला कुणी दोष देत नाही.

तुझ्या तेराव्याचा मंडप मीच उभा केला. वाशाला वासा असा लावला की कुणाला बोट दाखवता येऊ नये. मग लोकांनी त्याची वाट लावली. दारातच एक फलक लागला, त्यावर भावपूर्ण श्रद्धांजली, आणि खाली तुझ्या फोटोच्या तिप्पट मोठे चार पुढाऱ्यांचे फोटो. त्यातले दोघं तर हात जोडून असे हसत होते की तू गेलास याचा त्यांना मनापासून आनंद झालाय. मुख्य पुढारी दोन तास उशिरा आले. लोक उन्हानं हैराण, वहिनी आत खोलीत, आणि हे माईकवर सांगतायत की दिगंबररावांनी गणित विषयात हजारो विद्यार्थी घडवले. मागून कुणीतरी भूगोल म्हणालं, तर म्हणे, भूगोलातही. तुझा चुलतभाऊ पहिल्या रांगेत बसून डोळे पुसत होता. मी त्याला पाण्याचा ग्लास दिला नाही. एवढं तरी तुझ्यासाठी केलं.

जो भेटला त्यानं मला एकच सांगितलं. गुरुजींनी तुमच्यापासून सुद्धा लपवलं, बघा. एवढे जिवाचे मित्र आणि तुम्हाला सुद्धा पत्ता लागू दिला नाही. आणि मी मान हलवत होतो. मान खाली घालून, डोळे मिटून, अगदी त्या फलकावरच्या लोकांसारखा. लोक पाठीवर हात ठेवत होते आणि मी तो ठेवून घेत होतो.

पंगती उठल्यावर वहिनी बाहेर आल्या. चार माणसांसमोर त्यांनी मला हात जोडले. "भावजी, आमी तुमच्यापासून लपवलं. त्यांना माफ करा," म्हणाल्या. आणि मी काय केलं असेल? मी म्हणालो, असू द्या वहिनी, त्याचा स्वभावच तसा होता. ज्या बाईचा नवरा गेला तिच्याकडून मी माफी मागवून घेतली, आणि ती मोठ्या मनानं दिली. आजवर मी तुला, तुझ्या वहीला, पुढाऱ्यांना, अख्ख्या तालुक्याला हसलोय. पण इतका हलका माणूस मी दुसरा बघितला नाही.

कारण मला माहीत होतं, दिग्या.

दसऱ्याच्या आधी अंबाजोगाईला खुर्च्या पोचवायला मी टेम्पो घेऊन गेलतो. एका गल्लीत वळलो तर एका दवाखान्याच्या बाहेर बाकड्यावर तू बसलेला. बाही वर दुमडलेली, दंडाला कापूस चिकटवलेला, शेजारी वहिनी छातीशी फाईल धरून. वर रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरची पाटी होती, ती मी पूर्ण वाचली. तू खाली बघत होतास. मी गल्लीतच टेम्पो फिरवला आणि आलो तसा निघून गेलो. ज्याला खुर्च्या पाहिजे होत्या त्याच्याकडं त्या दिवशी त्या पोचल्याच नाहीत. दिवाळीनंतर तू मोबाईल घेऊन आलास तेव्हा पहिल्या मिनिटाला मला कळलं होतं, की तुला जाळी कशासाठी पाहिजे. वजनावरून बोललो तेव्हा माहीत होतं. तळ नको म्हणालो तेव्हा सुद्धा माहीत होतं. तळ पाहिजे असं कबूल केलं असतं तर तो का पाहिजे हेही कबूल करावं लागलं असतं, म्हणून मी देवांना मधे आणलं. तू आत ये म्हणालास, तेव्हा तू काय सांगणार ते शब्दासकट मला ठाऊक होतं.

हे इथवर लिहून काल मी वहिनींकडं गेलो. शाळेला द्यायच्या आधी त्यांना वाचून दाखवायचं ठरवलं होतं. त्या ओसरीवर मेथी निवडत होत्या. मी उभ्यानंच वाचलं, बसायची लाज वाटली. टेम्पो फिरवल्याच्या ओळीपर्यंत आलो आणि थांबलो.

वहिनींनी मेथीची जुडी बाजूला ठेवली. "त्यांनी बघितला होता तुमचा टेम्पो," त्या म्हणाल्या. "मागं तुमचं नाव हाय की एवढ्या मोठ्या अक्षरात. वळवताना दिसलं."

मग त्यांनी बाकीचं सांगितलं. तू बाकड्यावर बसून हसला होतास म्हणे. वहिनींना म्हणाला होतास, मन्मथ्याला कळलं, आता तो लई टवाळी करील, करू दे, तो भ्याला की त्याला तेवढंच येतं. येळवशीच्या दिवशी तुला मला आजार सांगायचाच नव्हता. आजार मला माहीत आहे हे तुला माहीत आहे, तर आता दोघं जरा बसू, एवढंच तुला सांगायचं होतं. आणि शेवटच्या आठवड्यात, बोलायला त्रास होत असताना, तू वहिनींकडून एक कबूल करून घेतलंस. म्हणालास, मी गेल्यावर लोक मन्मथला विचारतील, तो खोटं बोलंल आणि मग त्याला झोप यायची न्हाई. त्याच्या आधी तूच चार लोकांत सांग, की आमी लपवलं.

म्हणजे ती माफी सुद्धा तूच पाठवलेली होती.

मी तिथं ओसरीवर बसलो आणि रडलो. तुझ्या मयतीला रडलो नव्हतो, मंडपाचं काम होतं. वहिनी परत मेथी निवडायला लागल्या, मला उठा म्हणाल्या नाहीत. तू मला सांभाळून घेतलंस, हे मला मुळीच आवडलेलं नाही. मरणाऱ्या माणसानं असली उठाठेव करू नये. शाळेला हे द्यायचं की नाही ते वहिनी ठरवतील. पण तुला मी जे सांगायला पाहिजे होतं ते एकच आहे, आणि ते तुला आधीच कळलं होतं तरी मी सांगतो. त्या गल्लीत टेम्पो मी घाईत होतो म्हणून फिरवला नाही. मला भीती वाटली होती, दिग्या.